शिंकेवरची गोळी

शालिकरामची शिंक कधी एकटी आली नाही. आली की वरात घेऊनच यायची. पहाटे डोळे उघडायच्या आत नाकात मुंगी चालल्यासारखं व्हायचं, टाळूला खाज सुटायची, आणि मग जी माळ लागायची ती दात घासून, चहा पिऊन, सायकलवर टांग मारेपर्यंत तुटायची नाही. भिलाईजवळच्या रिसालीत, कवेलूच्या छपरांच्या घरांच्या रांगेत, शेजारची भागाबाई चूल पेटवता पेटवता म्हणायची, "उठला वो मनकर्णाचा नवरा. मले आता कोंबडा पाळाचं कामच नाई."

साल एकोणसाठचं, हिवाळ्याचे दिवस. भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना बांधला जात होता, जिकडे पाहावं तिकडे लोखंड उभं राहत होतं. शालिकराम तुमसरकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. नागपूरच्या एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला, तिथंच क्रेन चालवायला शिकला, आणि ठेकेदाराला भिलाईत शेड उभारायचं काम मिळालं तेव्हा क्रेनसोबत तोही आला. मागोमाग बायको मनकर्णा आली, आणि तिच्या मागोमाग तिचा धाकटा भाऊ गुलाब. गुलाब त्याच गँगमध्ये खलाशी झाला. क्रेननं उचललेलं लोखंड खाली उभं राहून हातानं वळवायचं, जागेवर बसवायचं, हे खलाशांचं काम. वर भाऊजी, खाली साळा. गँगमध्ये त्याची थट्टा चालायची.

पण टांगलेल्या लोखंडाखाली ज्यांना दिवसभर उभं राहायचं असतं, ती माणसं सगळं मानतात. हुकाला लिंबू-मिरची बांधल्याशिवाय ते पहिलं वजन उचलू द्यायचे नाहीत. आणि उचलायच्या वेळी कुणी शिंकलं तर हातातलं काम टाकून सरळ खाली बसायचे. पाणी प्यायचे, बिडी ओढायचे, शिंकेचा दोष निघून गेला असं वाटलं की मग उठायचे. आता क्रेनच्या केबिनमध्येच शिंकणारा माणूस बसलेला म्हटल्यावर काय व्हायचं? दोर ताठ झाला की वरून "आऽक्छी", आणि खाली सगळे बिड्या काढून बसलेले.

फोरमन बाबाराव एक दिवस केबिनची शिडी चढून वर आला. "तुहं नाक हाय का भोंगा हाय, शालिकराम? माहं काम बसून गेलं ना गा."

"मी काय मुद्दाम करून राहिलो का, बाबारावजी? हा लाल फुफाटाच असा हाय इथचा. नाकात जाऊन बसते."

"फुफाटा सगळ्याईच्याच नाकात जाते. रायपूरहून दुसरा ऑपरेटर येऊन राहिला. अजून एक खेप काम थांबलं तर तू खाली अन् तो वर. मंग मले म्हनू नोको."

बाबाराव उतरून गेला. शालिकराम लिव्हरवर हात ठेवून नुसता बसून राहिला. क्रेन गेली तर त्याच्याजवळ काय राहत होतं? घमेली वाहणारे शेकडो होते.

उपाय काय कमी केले होते? मनकर्णानं ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून नाकाला लावली. हळदीचं दूध दिलं, निलगिरीची वाफ दिली. नाकावर शेला बांधून तो सायकल चालवायचा. नाक थोडं मोकळं व्हायचं, पण दुसऱ्या पहाटे वरात दारात हजर.

त्या रविवारी दुपारी गुलाब दुर्गच्या बाजारातून आला तो खुशीतच. खिशातून कागदाची पुडी काढून त्यानं बहिणीच्या हातात दिली.

"बाई, हे दे भाऊजीले. दवाईच्या दुकानातला कंपाउंडर म्हने, एक घेतली की शिंक बंद. त्याच्या घरी बी देते म्हने तो."

"कायची हाय?"

"शिंकेची. अजून कायची असन?"

पांढऱ्या, बटणाएवढ्या गोळ्या होत्या. शालिकरामनं संध्याकाळी जेवण झाल्यावर एक गिळली. त्या रात्री त्याला अशी झोप लागली की कूससुद्धा बदलली नाही. पहाटे नाकात मुंगी आली ती नुसती येऊन गेली. दोन-तीन शिंका, बस. डोळ्यांतलं पाणी थांबलं, नाकाचं टोक कोरडं झालं. घशाला थोडी कोरड होती, अंग जडजड वाटत होतं, पण ते रात्रीच्या गाढ झोपेचं असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. मनकर्णानं चहा देताना त्याच्याकडे पाहिलं आणि इतक्या महिन्यांनी ती मोकळेपणानं हसली.

"आज अजून एक घेऊन जा," ती म्हणाली. "आज तं त्याईले बसूच देऊ नोका."

त्यानं चहाबरोबर एक घेतली. साइटच्या फाटकाशी नाकात पुन्हा हुळहुळलं. आजच्या दिवशी धोका नको म्हणून त्यानं खिशातली पुडी सोडून आणखी एक तोंडात टाकली आणि नळाच्या पाण्याबरोबर गिळली.

त्या सकाळी लांबलचक गर्डर, म्हणजे लोखंडी तुळई, चढवायचा होता. हुकात अडकवला, दोर ताठ झाला, खलाशी वर पाहत उभे राहिले. शिंक आली नाही. एकही नाही. कुणीतरी टाळी वाजवली. शालिकरामला केबिनमध्ये छाती रुंद झाल्यासारखी वाटली. गर्डर उचलून, फिरवून, त्यानं तो कमरेएवढ्या उंचीवर आणला. खाली लाकडी स्लीपर, जाडजूड ओंडके, मांडले होते, त्यांवर गर्डर टेकवून त्याची टोकं साफ करायची, आणि मग पुढची उचल. एक स्लीपर तिरपा झाला होता. तो सरळ करायला गुलाब आत वाकला, आणि वाकता वाकता त्यानं वर पाहून मूठ उंचावली. मूठ म्हणजे थांब. शालिकराम थांबला. त्या क्रेनवर टांगलेलं वजन पायानं धरून ठेवायचं असायचं. उजवा पाय ब्रेकवर दाबलेला, तोच सगळा आधार. केबिनच्या काचेतून कोवळं ऊन मांडीवर पडलं होतं. इंजिन एका सुरात घुमत होतं. गुलाबची मूठ वर होती.

आणि मग धाडकन आवाज झाला.

शालिकरामनं डोळे उघडले तेव्हा त्याला पहिली गोष्ट कळली ती ही, की डोळे मिटलेले होते. समोरचा दोर ढिला पडला होता. गर्डर खाली होता. गुलाब दिसत नव्हता. त्याची वर केलेली मूठ आणि हा आवाज, यांच्यामध्ये काहीच नव्हतं. डुलकी आल्याचं आठवत नव्हतं, जांभई आठवत नव्हती. कुणीतरी मधला तुकडाच कापून नेल्यासारखा. त्याचा पाय ब्रेकवर होता, पण नुसता ठेवलेला. त्यात जोरच नव्हता.

खालून किंकाळी आली तेव्हा त्यानं गुलाबचा आवाज ओळखला.

"उचल! उचल रे! पाय हाय त्याचा खाली!"

शालिकरामचे हात लिव्हरवर होते, पण हलत नव्हते. बाबाराव शिडीवरून धडपडत वर आला. त्यानं शालिकरामच्या थोबाडीत दिली, इतकी जोरात की डोकं काचेवर आपटलं. "उचल, साल्या! तुयाशिवाय इथं कोनाले येते हे?"

ते खरंच होतं. ज्यानं पाडलं होतं त्यालाच उचलायचं होतं. शालिकरामनं दोन्ही पाय एकावर एक ब्रेकवर तयार ठेवले आणि लिव्हर ओढला. दोर ताठ झाला. गर्डर वीतभर उठला. खालच्या माणसांनी गुलाबला काखेत धरून बाहेर ओढलं. डावा पाय गुडघ्याखाली रक्तानं भरला होता, पाऊल भलतीकडेच वळलं होतं. तिरपा स्लीपर मध्ये आला म्हणून पाय होता. स्लीपर नसता तर तेवढाही राहिला नसता.

शालिकराम शिडी उतरला आणि जमिनीवर पाय टेकताच तिथंच बसला. गुलाबला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. उरलेले खलाशी शालिकरामभोवती गोळा झाले. मग बाबाराव खाली वाकला, त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला.

"दारू पेऊन चढला का तू?"

"दारू?" शालिकरामला शब्दच कळेना.

"डोये पाह्य आपले. लाल बुंद. जीभ पाह्य कशी जड झाली."

डोळे तर त्याचे वर्षभर लालच असायचे, शिंकून शिंकून. पण आज पहिल्यांदाच त्याला दिसलं की दुसऱ्याला ते कसे दिसत असतील. त्यानं आईची शपथ घेतली. कधी थेंबाला शिवलो नाही म्हणाला. एक खलाशी थुंकला आणि निघून गेला. स्वतः शालिकरामला तरी कुठं ठाऊक होतं काय झालं ते? रात्री इतका झोपलेला माणूस भर सकाळी, हातात वजन असताना झोपतो कसा? मिरगीचा झटका तर नव्हे? की डोक्यातच काही बिघडलं?

बाबाराव त्याला दंडाला धरून दवाखान्यातच घेऊन गेला. मनकर्णा तिथं आधीच पोचली होती. कुणीतरी रिसालीत निरोप दिला होता. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात धरलेला. नवऱ्याला पाहून पुढे आली, आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं,

"तुमी पेले होते का?"

बाबारावची थोबाडीत बसली तेव्हा लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. बाबारावला तो परका होता, खलाशांना परका होता. ही तर रोज त्याच्या ताटाशी बसणारी. तो तिच्याकडे बघतच राहिला.

आतमध्ये एक डॉक्टरीणबाई होत्या, नागपूरकडच्या, पन्नाशीला आलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला. बाबाराव म्हणाला, "बाई, याच्या पोटात दारू हाय का नाई तेवढं सांगा. मले रिपोट द्या लागते."

बाईंनी शालिकरामला स्टुलावर बसवलं. तोंड उघडायला लावलं, डोळ्यांची पापणी खाली ओढली, बॅटरी लावून नाकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दारूचा वास नाही," त्या म्हणाल्या. "तोंड कोरडं पडलंय का हो तुमचं?"

"हो बाई. सकायपासून."

"डोळे जड?"

"हो."

"आज काय घेतलंत? औषध, गोळी, काढा?"

शालिकरामनं खिशातून पुडी काढून दिली. एवढीशी पुडी, तिच्याशी या सगळ्याचा काही संबंध असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. बाईंनी कागदावरचं कंपाउंडरनं खरडलेलं नाव वाचलं. चष्मा वर केला.

"किती?"

"काल एक. आज... आज दोन."

"आणि क्रेनवर चढलात?" बाई उभ्याच राहिल्या. "अहो, ही गोळी शिंक थांबवते हे खरं आहे. पण ती माणसाला झोपवते. धडधाकट माणूस बसल्या जागी पेंगतो. ही रात्री घ्यायची, घेऊन अंथरुणावर पडायचं. तुम्ही दोन घेऊन लोखंड टांगलंत!"

बाबाराव मागच्या बाकावर मटकन बसला. "अशी बी गोळी असते?" एवढंच तो म्हणाला. मनकर्णाच्या तोंडातून पदर सुटला. अजून एक घेऊन जा, असं सकाळी तीच म्हणाली होती. तिनं दाराची चौकट धरली.

पलीकडच्या खाटेवर गुलाबच्या पायाला फळ्या बांधणं चाललं होतं. पडदाच तेवढा मध्ये होता. पडद्याआडून त्याचा दुखण्यानं चिरकलेला आवाज आला.

"त्यानं सांगतलं होतं, बाई."

"कोणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कंपाउंडरनं. रातच्याला घ्या म्हने. मी म्हटलं, गोळी ते गोळी, तिले रात काय अन् दिवस काय." तो थांबला, दम घेतला. "मी सांगतलंच नाई घरी."

शालिकरामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला रडू येईना, शिंकही येईना. नाक अगदी कोरडं ठणठणीत होतं.

बाबारावनं रिपोर्टात दारू लिहिली नाही. पण केबिनही दिली नाही. रायपूरचा ऑपरेटर आला, आणि शालिकराम खाली, दोर गुंडाळायच्या कामावर गेला. खलाशांना खरं कळलं होतं. तरी तो जवळ आला की त्यांचं बोलणं थांबायचं. शिंका परत सुरू झाल्या होत्या. आता कुणी बिडी काढून बसत नव्हतं, नुसते त्याच्याकडे पाहायचे. ते जास्त वाईट होतं.

शालिकराम मनकर्णासोबत गुलाबला भेटायला गेला असताना डॉक्टरीणबाईंनीच त्याला हाक मारून बसवलं. "त्या दिवशी तुमचं नाक नीट पाहिलं. आतून फिकट पडलंय, सुजलंय. हे सर्दीचं नाक नाही. मला सांगा, शिंका येतात कधी?"

"सकाळी, उठल्याबरोबर. हा कारखान्याचा फुफाटा..."

"कारखाना राहू द्या. साइटवर गेल्यावर वाढतात की कमी होतात?"

शालिकरामनं रोजचा दिवस मनाशी आठवून पाहिला. पहिल्या एक-दोन उचलींनाच शिंका यायच्या. ऊन चढलं की थांबायच्या. दुपारभर लाल धुळीत बसूनही नाक मोकळं असायचं. हे त्याला ठाऊक होतं, पण असं एका ओळीत मांडून त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"कमी होते," तो म्हणाला.

"मग धूळ कारखान्याची नाही. घरातली आहे. अंथरूण कशाचं आहे तुमचं?"

"गादी हाय. लग्नातली. इच्या मायनं देल्ली."

"आत काय भरलंय?"

उत्तर मनकर्णानं दिलं, जरा ताठ होऊन. "जुना कापूस. अन् लुगड्याच्या चिंध्या. आमच्या मायनं स्वतः भरली, हातानं टाचली. काहून?"

बाईंनी दोघांना समजावून सांगितलं. काही माणसांच्या नाकाला चोर आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही. जुन्या गादी-गोधडीतली बारीक धूळ दुसऱ्याला काही करत नाही, पण याचं नाक तिला शत्रू समजतं आणि बाहेर फेकायला पाणी सोडतं, शिंका काढतं. याला अॅलर्जी म्हणतात. हा क्षय नाही, लागण नाही, कुणाची नजर नाही. मुळासकट जाईलच असं नाही, पण आवरता येतं.

"हे सगळं गादीनं?" शालिकराम उठून उभा राहिला. "तो पाय... गादीपायी?"

"आधी खात्री करा. थोडे दिवस गादी सोडून झोपा. खाटेवर, उकळून धुतलेल्या चादरीवर. मग मला सांगा."

घरी आल्यावर मनकर्णानं चादर चुलीवरच्या पातेल्यात उकळली, वाळवली, ओसरीत खाट टाकून अंथरली. गादी गुंडाळून मागच्या पडवीत टाकली. टाकताना तिचा हात गादीवरून फिरला.

पहिल्या दोन-तीन पहाटे शिंका आल्या, पण तुटक. मग एका सकाळी शालिकरामला जाग आली ती तोंडावर ऊन आल्यानं. तो तसाच पडून राहिला. वाट पाहत. नाकात मुंगी नाही. टाळूला खाज नाही. बाजूच्या नळावर कळशी भरायचा आवाज तेवढा येत होता. एवढ्यात भागाबाई ओसरीशी येऊन वाकली.

"बरा हायेस ना रे बापा? आवाज नाई आला म्हनून म्हटलं पाहून यावं."

तो उठला आणि सरळ पडवीत गेला. गादीचं एक टोक धरून झटकलं. उन्हाच्या तिरिपेत धुळीचा लोट उठला, आणि त्याला अशी शिंक लागली की भिंत धरावी लागली. मनकर्णा धावत आली. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, आणि तो तिच्याकडे बघत होता, भूत दिसल्यासारखा. मनकर्णा ही गादी घेऊन भिलाईला आली तेव्हापासून तो रोज हिच्यावर डोकं टेकत आला होता.

गुलाबला दवाखान्यातून सोडलं ते प्लास्टरसकट. तो बहिणीकडेच राहायला आला. शालिकरामनं त्याला पाठुंगळी घेऊन ओसरीत आणलं, खाटेवर बसवलं, पण त्या पायाकडे पाहिना. जेवण झालं तरी पाहिना. गादीची गोष्ट बहिणीनं सांगितली तेव्हा गुलाब हसायलाच लागला, दुखणाऱ्या पायाला धरून.

"मायनं देल्ली गादी, गादीनं आली शिंक, शिंकेपायी आनली गोळी, अन् गोळीपायी माहा पाय. मायले सांगू नोका हो कोनी. मरून जाईन ते बिचारी."

"हासू नोको, गुलाब," शालिकराम म्हणाला. "मले हासू येत नाई."

"मंग काय करू? तुमी माह्या पायाकडं पाहतच नाई. पाहा ना एकडाव. हाय ना पाय? डॉक्टर म्हने चालन. लंगडत चालन, पन चालन."

शालिकरामनं पाहिलं. प्लास्टरच्या तोंडातून बाहेर आलेली बोटं काळीनिळी, सुजलेली होती. गुलाबनं मोठ्या प्रयत्नानं अंगठा जरासा हलवून दाखवला. तेव्हा मात्र शालिकराम रडला. मनकर्णा उठून आत गेली.

ती गादी त्यांनी पुन्हा कधी घरात आणली नाही. मनकर्णानं तिची शिवण उसवली, मायच्या लुगड्याचा एक धड तुकडा धुऊन पेटीत ठेवला, बाकी सगळं नाल्यापलीकडे नेऊन जाळलं. जाळायला ती एकटीच गेली. घर ती आता ओल्या फडक्यानं पुसायची, आणि झाडायचं असलं तर नवरा बाहेर गेल्यावर. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे शालिकराम रोज सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ टाकून एका नाकपुडीनं ओढायचा, दुसरीनं सोडायचा. सुरुवातीला ठसका लागायचा, मग सवय झाली. गोळी लागलीच तर सुटीच्या आदल्या रात्री. शिंका अगदी गेल्या नाहीत. धान मळायच्या दिवसांत गावी गेला की येतच. पण आता कशानं येतात ते त्याला ठाऊक होतं.

उन्हाळा लागता लागता रायपूरचा ऑपरेटर दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला आणि बाबारावनं शालिकरामला बोलावलं. "चढ," म्हणाला.

शालिकराम चढला. उजवा पाय ब्रेकवर ठेवला. पहिलं वजन उठायच्या आधी त्यानं केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "बाजूले व्हा! सगळे बाजूले! वजनाखाली कोनी यायचं नाई!"

खलाशी एकमेकांकडे पाहू लागले. असं तेव्हा कोण करत होतं? वजनाखाली शिरल्याशिवाय काम होतं कुठं? बाबाराव कपाळाला आठ्या घालून वर बघत होता. गुलाब काठी टेकत बाजूला उभा होता. त्याला आता सिग्नल द्यायच्या कामावर घेतलं होतं. त्यानं काठी उंच करून सगळ्यांना मागं सारलं.

"आयकू नाई आलं का?" तो म्हणाला. "बाजूले व्हा."

माणसं कुरकुरत मागं झाली. तेव्हा कुठं दोर ताठ झाला.